विहिरीवरच्या चिलाप्या आणि माझे व्याही

दोन हजार बावीस साली मी सत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर माझा असा समज होता की कुठलाही माणूस चार दिवस जवळ बसवला की मला कळतो. त्या साली शिमग्याच्या आधी माझे व्याही नऊ दिवस माझ्या होडीत बसले आणि तो समज गेला. माढ्यापासून अक्कलकोटापर्यंत अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात समोरच्याला घोळात पाडणारा असा दुसरा माणूस नाही, हे मी लिहून देतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेही मास्तरांची बदली झाली म्हणून सुटलं, माझ्यामुळं नाही. पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. हा एक माणूस मला ओळखता आला नाही. अजून येत नाही.

व्याही म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचे, संगीताचे, सासरे. गाव करकंब. त्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर आली की 'भरती का रिकामी?' एवढं विचारायचं, हे काम तीस वर्षं केलं, त्यामुळं नोकरी सुटली तरी तोंडातली सवय सुटली नाही. बायको बाजारातनं आली, विचारणार, 'भरती का रिकामी?' लग्नाच्या वऱ्हाडाची जीप दारात थांबली, तोच सवाल. संगीताच्या लग्नात मी तांब्या घेऊन शेताकडनं परत येत होतो, तर मलाही विचारलं. बारा महिने काखेत काळी छत्री, पायात मोजे घालून बूट, आणि खिशात तीन रुमाल. एक नाकाला, एक घामाला, तिसरा कशाला ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि विचारलेल्या गोष्टीचं उत्तर म्हणून कधी द्यायचं नाही. 'जेवला का?' म्हणावं तर म्हणणार, 'औंदा आंब्याला मोहर बरा हाय.' आता यावरनं जेवले का नाही जेवले ते तुम्हीच ठरवा.

झालं होतं असं. संगीता नवऱ्यावर रागावून माझ्याकडं आली होती. तिच्या दोन शेळ्या होत्या, तिनं स्वतः बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या. जावयानं एका सोमवारी तिला न विचारता त्या बाजारात नेऊन विकल्या आणि संध्याकाळी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. वीस दिवस झाले तरी त्या घरनं कुणी आलं नाही. गाव धरणाकाठचं, माणसं रिकामी, बोलायला लागली. आमची मंडळी, संगीताची आई, म्हणाली, 'तुमी एक डाव जाऊन तरी या.' मी म्हणालो, 'मी का जाऊ? ज्यानं शेळ्या इकल्या त्यानं यावं.' संगीता भांडी घासत होती. ती म्हणाली, 'मला कुणी घालवू नका आन कुणी ठिवू बी नका.' म्हणजे नेमकं काय करायचं ते मला कळलं नाही, पण बापानं लेकीला असं विचारायचं नसतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी व्याही आले. एका काखेत छत्री, दुसऱ्या खांद्यावर ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, हवा भरलेली. पोहता येत नाही आणि धरणाकाठी जायचंय, म्हणून घरनंच फुगवून आणलेली. कंडक्टरनं ट्यूबचं अर्धं तिकीट मागितलं असं म्हणत होते, खरं खोटं देव जाणे. मी घोंगडं टाकलं, पाणी दिलं, पण ठरवलं होतं ते ठरवलं होतं. जोवर हा माणूस पोरीचं नाव काढत नाही तोवर त्याच्या घरचं एक अक्षर विचारायचं नाही. आलेल्या पाव्हण्याला पाणी दिलं की 'घरची सगळी बरी हायत का?' असं विचारायची आमच्याकडं रीत आहे. मी ती मुद्दाम गिळली. व्याही तांब्या खाली ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी आढ्याकडं बघत बसलो. मग त्यांनी घामाच्या रुमालानं घाम पुसला आणि म्हणाले, 'पाव्हणं, हितं चिलापी घावती का?'

तिथनं सगळं सुरू झालं.

आता चिलापी माशाचं मला कुणी सांगू नये. या उजनीच्या पाण्याखाली माझी चार एकर जमीन आहे आणि माझ्या बापानं खांदलेली विहीर आहे. पाणी आलं तेव्हा मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब आणि आमच्या बाजूची चिंच एका रेषेत आली की होडी बरोबर विहिरीवर असते. विहिरीचं कडं, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याचा दगड, बांधावरच्या बाभळींचे खुंट, असल्या आडोशाला चिलापी बसते. उघड्या मैदानात तिला करमत नाही. गळाला गांडूळ लावायचं, तोंड बंद ठेवायचं, होडीत पाय आपटायचा नाही. चाळीस वर्षं मी एवढंच केलं आणि घरच्यापुरतं मला कधी कमी पडलं नाही. मी त्यांना हे एकदाच सांगितलं. त्यांनी मान हलवली, कमरेला ट्यूब अडकवली, बूटमोज्यासकट होडीत चढले, पुढच्या फळीवर बसले आणि खिशातनं हिंगाची डबी काढली.

हिंग कणकेत मळायचा म्हणे. वासानं चिलापी अर्ध्या कोसावरनं येते. इतका हिंग घातला की माझंच डोकं धरलं. काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं ओरडून विचारलं, 'आबा, होडीत फोडणी टाकालाय काय वो?' दुसऱ्या दिवशी हिंगाबरोबर स्टीलचं ताट आणि चमचा आला. ताट पाण्याला टेकवून चमच्यानं हळूहळू वाजवायचं, म्हणजे पंगत बसलीय असं माशाला वाटतं. मी म्हणालो, 'पाव्हणं, आवाजानं मासा पळतो.' ते म्हणाले, 'पळणारा कारखान्याच्या भोंग्यालाबी पळतोय. जेवणारा येतोय.' तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या पेंडीचं गाठोडं दगड बांधून खाली सोडलं. हे मला पटलं, कारण हे मीही कधीमधी करतो, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. चौथ्या दिवशी दाढीचा आरसा दोरीला बांधून पाण्यात. चिलापी म्हणे स्वतःला बघून दुसरी कुणीतरी जागा धरायला आलीय असं समजते आणि भांडायला येते. 'भांडायला आलेल्याला धरणं सोपं असतंय, पाव्हणं,' असं म्हणून ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता निघतोय पोरीचा विषय. मी तोंड घट्ट मिटून तयारीत बसलो. तर म्हणाले, 'आरसा जरा डावीकडं घेऊ का?'

असं रोज व्हायचं. सकाळी वाटायचं, हा माणूस लेकीला न्यायला आलाय. दुपारी वाटायचं, नाही, माशालाच आलाय. संध्याकाळी वाटायचं, याच्या घरात काहीतरी झालंय आणि हा राहायलाच आलाय. मंडळी रोज रात्री विचारायची, 'आज तरी बोलले का?' मी म्हणायचो, 'बोलले.' 'काय?' 'आरसा डावीकडं घेऊ का.' ती कपाळाला हात लावायची. 'अवं, तुमी दोगं म्हातारं तितं काय चिलाप्यांची सोयरीक जमवालाय का? इचारा की सरळ!' मी म्हणायचो, 'न्यायला त्यो आलाय. त्यानं बोलावं.' आणि कूस बदलायचो, पण झोप यायची नाही. पोर माझ्या घरात होती, जेवत होती, कामं करत होती, पण संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबली की हातातलं काम ठेवून बघायची. उतरलेली माणसं गावात शिरली की परत कामाला लागायची. ते मी बघत होतो.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे आम्ही आणलेला मासा तीच रांधायची. डोक्यावर पदर घेऊन सासऱ्याला वाढायची, सासरा खाली मान घालून जेवायचा. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त रश्श्यात तिखट रोज थोडं थोडं वाढत गेलं. पाचव्या दिवशी मलाही ठसका लागला, आणि मी सोलापूरचा माणूस. व्याही तिन्ही रुमाल काढून डोळे, नाक, टाळकं पुसत होते आणि म्हणत होते, 'झकास. आणिक वाढा.' डोळ्यांतनं पाणी तिखटानं येत होतं का कशानं, हे आमच्या घरातलं कुणी सांगू शकलं नाही.

त्याच पाचव्या दिवसाचं मला अजून कोडं आहे. त्या दिवशी त्यांनी छत्री उघडली, पाण्याकडं पाठ केली आणि बसले. मी म्हणालो, 'आता हे काय?' तर म्हणाले, 'टक लावून बघितलं की ती लाजती. आपलं ध्यान न्हाय असं दाखवायचं.' गळाची दोरी पाठीमागनं खांद्यावरनं सोडलेली, आणि तोंडानं हळू आवाजात सुरू, 'या, या, बसा. सावलीत बसा. घाई काय हाय?' माशाला एवढ्या मानानं बोलावणारा माणूस मी जन्मात बघितला नव्हता. खांब आणि चिंच मी बरोबर रेषेत धरलेले, गांडूळ ताजं, तोंड बंद. दुपारपर्यंत मला एक चिलापी लागली, हाताच्या बोटाएवढी. त्यांना अकरा. अकरा! तळव्याएवढ्या, काळ्या पट्ट्यांच्या, फडफडणाऱ्या. एकेक वर आली की ते स्वतःच दचकायचे, ट्यूब होडीच्या काठाला घासायची आणि ओरडायचे, 'पाव्हणं, धरा, धरा, हिला काटं हायत!' गळातनं मासा मलाच सोडवायला लागायचा, कारण त्यांना हात लावायचं धाडस नव्हतं. मी सांगितलं की ही माझ्या बापाच्या विहिरीची करामत. ते म्हणाले, हिंगाची. मी म्हणालो, मग चार दिवस हिंग काय झोपला होता? ते म्हणाले, 'औंदा ऊस लवकर संपंल.' मी वल्हं आपटलं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांची नजर चुकवून मी पाण्याकडं पाठ करून बसून बघितलं. काही लागलं नाही. मान तेवढी दुखली.

नवव्या दिवशी आम्ही होडी पाण्यात ढकलत होतो, तेवढ्यात संगीता काठावर आली. पदर खोचलेला. 'सरका,' म्हणाली आणि चढली. मी म्हणालो, 'तू कुठं?' तिनं माझ्या हातातलं वल्हं घेतलं. पोर या पाण्यातच वाढली, माझ्यापेक्षा सरळ होडी चालवते. खांब आणि चिंच रेषेत आणून तिनं होडी विहिरीवर बरोबर थांबवली, वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि म्हणाली, 'आता दोगातलं एक कुणीतरी बोला. न्हायतर हे वल्हं मी टाकते पाण्यात. मला पवता येतंय, आबाला येतंय. मामंजी, तुमचं तुमी बगा.'

व्याह्यांनी ट्यूब दोन्ही हातांनी धरली. माझ्याकडं बघितलं. मी चिंचेकडं बघितलं. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या तोंडात आलं होतं, पण सत्तर वर्षांचा ताठा असा एकदम मोडत नाही. संगीतानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, सासऱ्याकडं तोंड केलं आणि हळूच विचारलं, 'मामंजी, घरची सगळी बरी हायत का?'

आणि तो माणूस फुटला. नऊ दिवस ज्यानं एका गोष्टीचं धड उत्तर दिलं नाही तो न थांबता बोलायला लागला. 'कशाची बरी, पोरी! तुजी सासू गुडगं धरून बसलीय. चूल कोण पेटवंना. तू आलीस त्याच दिवशी मी त्या व्यापाऱ्याच्या मागं लागलो. चार बाजार हिंडलो. काळ्या कानाची घावली, ती आणली माघारी. पांढरी गेली कुटं लांब, तिचा पत्त्या न्हाय लागला. वीस दिस त्याच्यातच गेलं, म्हनून यायला उशीर झाला. आन ती काळी आमाला कासंला हात लावू देती का? लाथा घालतीया! मग तुजं हिरवं लुगडं मी डोक्यावरनं घेतलं आन बसलो, तवा कुटं उभी ऱ्हायली.'

मी म्हणालो, 'तुमी? लुगडं?'

'व्हय. आता मी हितं हाय, तर तुमचा जावई बसतोय.'

'कोण बसतंय?' संगीता म्हणाली.

व्याह्यांनी ट्यूबमधनं हात घालून खिशातला मोबाईल काढला. संगीताच्या सासूनं काढून पाठवलेलं चित्र होतं, हलणारं. माझा जावई, मिशीवाला गडी, डोक्यावरनं हिरव्या लुगड्याचा पदर हनुवटीपर्यंत ओढून शेळीखाली बसलेला, आणि शेळी वळून वळून त्याच्या तोंडाकडं बघतेय. मागनं सासूचा आवाज, 'पदर पुडं घे, मिशी दिसालीया तिला!' संगीतानं ते एकदा बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघताना तिच्या तोंडातनं हसू असं फुटलं की होडी डुलली. मग पदर तोंडाला लावून बसली, आणि खांदे हलत होते, ते हसण्यानं का रडण्यानं हे मी विचारलं नाही.

मी व्याह्यांना म्हणालो, 'एवढं सगळं हुतं तर नऊ दिस बोलला का न्हाय?'

ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले की जणू मीच कुठला तरी परका माणूस आहे. 'तुमी इचारलंच न्हाय की, पाव्हणं. चुकलेल्या घरचा मानूस मी. पानी दिल्यावर तुमी घरचं इचाराल, मग त्या वाटंनं बोलावं, असं घरनं ठरवून आलो हुतो. तुमी इचारंना. मला वाटलं, अजून राग हाय, आज नको. रोज वाटायचं, आज नको.'

मी वल्ह्याकडं बघितलं. संगीतानं डोळे पुसले आणि म्हणाली, 'पांढरी त्येंनी सोता हुडकून आनायची. न्हाय घावली तर तसलीच दुसरी, मी पसंत करीन ती. आन परत मला इचारल्याबिगर माज्या जितराबाला हात लावायचा न्हाय. हे कबूल आसंल तर मी आज येते.' व्याही म्हणाले, 'कबूल.' मी म्हणालो, 'मी अजून व्हय म्हनलेलो न्हाय.' ती म्हणाली, 'तुमाला कुणी इचारलंय का, आबा?' आणि होडी वळवली.

मंडळीनं ओटी भरली, मी डाळीचं गाठोडं फाट्यावर आणून ठेवलं. गाडी यायला वेळ होता, संगीता आईशी बोलत होती, तेव्हा मी व्याह्यांना बाजूला घेऊन विचारलं, 'एक खरं सांगा. हे हिंग, आरसा, पाठ करून बसायचं, हे कुठल्या धरणावर शिकलासा?' ते म्हणाले, 'मी जन्मात गळ धरला न्हवता. येताना एसटीत मोबाईलवर बघत आलो. म्हनलं, तुमी घरचं न्हाय इचारलं, तर कायतरी बोलायला असावं की.' मग अकरा लागल्या त्या कशानं? हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर गाडी आली. कंडक्टर खाली उतरला. व्याह्यांनी वर चढता चढता आतल्या गर्दीकडं बघून त्याला विचारलं, 'भरती का रिकामी?' खिडकीतनं संगीतानं हात केला. त्यांनी केला नाही. त्यांच्या दोन्ही हातांत ट्यूब होती.

त्या रात्री घरात दोनच ताटं झाली. मंडळी म्हणाली, 'आज तिखट कमी झालं का?' मी म्हणालो, 'बरोबर हाय.' लेक आपल्या घरी गेली, महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला, तर माणसानं गाढ झोपावं. मला झोप लागली नाही. आता कशाची वाट बघत होतो, ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला काठावर गेलो. धुणंवाली बाई म्हणाली, 'आबा, पाव्हणं न्हाय दिसत आज?' मी म्हणालो, 'येत्याल की.' होडी लोटली, आत बसलो, वल्हं मारलं. होडीचं पुढचं टोक वर उचललेलं, वारं लागंल तिकडं फिरायला लागली. चाळीस वर्षं मी एकटाच ही होडी चालवत आलो, असं कधी जाणवलं नव्हतं. दोन वेळा खांब आणि चिंच रेषेत धरायला गेलो, दोन्ही वेळा चुकलो. मग परत काठाला आलो, एक चांगला मोठा, बसका धोंडा बघितला, दोन हातांनी उचलून पुढच्या फळीवर ठेवला, आणि गेलो.